तक्त्यातला दुसरा माणूस

पिंपरीतल्या एका स्टोव्हच्या कारखान्यात एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी माणसामागे पाळीचं काम चाळीस टाक्यांवरून एकदम चौसष्ट टाक्यांवर नेलं गेलं. त्या वेळची जी थोडी माणसं मोशीत उरली आहेत, ती अजून सांगतात की आपल्याच गावच्या एका फिटरने साहेबापुढे हात चालवून दाखवला आणि सगळ्यांच्या पोटावर पाय आणला. तो फिटर आता हयात नाही. चौसष्टचा आकडा त्याचा नव्हता, माझा होता. एवढं वाक्य लिहायला मला साठाहून जास्त वर्षं लागली.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पुण्यात वाढलेला, डिप्लोमा झालेला, चिंचवडला एका खोलीत भाड्याने राहणारा. कारखान्यात मला हजेरीच्या टेबलावर घेतलं होतं. माझं अक्षर चांगलं होतं आणि आकडेमोड बिनचूक होती, म्हणून वर्क्स मॅनेजरांनी मला वर बोलावलं. साहेब मराठीच होते, वर्षभर विलायतेला राहून आलेले. त्यांनी कपाटातून दोन वस्तू काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि एक घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग केलेले होते.

"आपल्याकडे काम कसं करायचं हे कामगार ठरवतो," साहेब म्हणाले. "ते कारखान्याने ठरवायला हवं. कामाचे तुकडे करा, तुकडा मोजा, नको त्या हालचाली काढून टाका. उरेल ती एकच बरोबर पद्धत. मग माणूस बदलला तरी काम बदलत नाही."

मी ते पुस्तक आठ दिवसांत वाचून काढलं. आज व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ज्याला अभिजात सिद्धांत म्हणतात, ते सगळं त्यात होतं. कामाची विभागणी, योग्य कामाला योग्य माणूस, एका माणसाला एकच वरिष्ठ, अधिकार आणि जबाबदारी यांचा मेळ. मला ते वाचून अक्षरशः भरून आलं होतं. जगातला गोंधळ कोणीतरी ओळीत लावून दिला आहे असं वाटलं. त्या वयात असं वाटणं गैर नव्हतं, आणि पुढे जे झालं त्याचं खापर मी त्या पुस्तकावर फोडणार नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मोजायचं ते साधारण माणसाचं काम, सगळ्यांत चपळ माणसाचं नव्हे. थकवा, पाणी पिणं, देहधर्म यांसाठी वेळ वाढवून धरायचा, हेही लिहिलं होतं. मी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

जोडणीच्या खात्यात चौदा माणसं होती. बहुतेक मोशी, चिखली, आसपासच्या वाड्यांतली, सायकलीवर येणारी. काम असं की स्टोव्हच्या पितळी टाकीवर शिशाचा वायसर, म्हणजे चपटी चकती, बसवायचा, वर बर्नर पान्याने आवळायचा, टाकीत हवा भरायची आणि ती पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडा येतो का ते बघायचं. बुडबुडा आला तर टाकी खोलून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकाने आपापल्या चाळीस टाक्या पाळी संपेपर्यंत पुऱ्या करायच्या.

मी घड्याळ आणि लाकडी फळीला लावलेला तक्ता घेऊन पहिल्यांदा तिथे उभा राहिलो, तेव्हा एकाने आपलं मनगट पुढे केलं.

"बघा वैद्यबुवा, जगतोय का मी?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "त्याची नाडी नका बघू राव, त्याच्या बायकूनं कवाच सोडलीया त्याची आशा."

मीही हसलो. पण मी तिथे उभा असेपर्यंत प्रत्येकाचा पाना जड झाला. वायसर हातातून पडायचे, टाकी दोन-दोनदा पुसली जायची. आठवड्याच्या शेवटी माझ्या तक्त्याप्रमाणे दिवसाला सत्तावीस टाक्यांच्या वर काम होणं अशक्य होतं. साहेबांनी तो कागद पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"हे तुम्ही त्यांना मोजलेलं नाही, त्यांनी तुम्हाला मोजलंय. महिनाअखेर मला आकडा पाहिजे. टाइम स्टडीचं स्वतंत्र ऑफिस काढायचं माझ्या मनात आहे. तिथे कोणाला बसवायचं तेही."

त्या खात्यात एक फिटर होता. तिशीचा, उंच, बोलायला मोकळा. त्याच्यासारखा पाना पिंपरीत कोणी फिरवत नसेल. त्याच्या शेजारच्या जागेवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, त्यांना सगळं खातं दादा म्हणायचं. दोघे मोशीचे, दोघांची शेतं बांधाला बांध लागून. मोट हाकताना दादांच्या उजव्या हातावरून मोटेचा जाड दोर गेला होता, तेव्हापासून त्यांची दोन बोटं ताठ राहिली होती. दादांना पाना नीट धरता येत नाही हे मला दिसत होतं. तरी त्यांच्या चाळीस टाक्या रोज भरत. कशा, ते मला कळत नव्हतं.

ते कळलं मोशीत. सुट्टीच्या दिवशी फिटरने मला घरी जेवायला बोलावलं. "एकटाच राहता, खानावळीचं खाता, या एकदा," म्हणाला. मी गेलो तर माणसं शेतावरच. ज्वारीची काढणी चालली होती. फिटरच्या रानात दादांचं सगळं घर ज्वारी उपटत होतं. दादा स्वतः पेंढ्या बांधायला बसले होते, ते काम त्यांना डाव्या हाताच्या जोरावर जमत असे.

"आज तुमच्याकडे मजुरीला का हे?" मी विचारलं.

फिटरची बायको हसली. "मजुरी कशाची? सावड हाय. आज आमची पाळी, परवा त्यांची. आमी जाऊ त्यांच्याकडं."

"आणि ज्याचं रान मोठं आहे त्याचं काम जास्त नाही होत?"

"होतंय की," दादा म्हणाले. "पर मोजतंय कोण?"

मी शहरात वाढलो, मला सावड माहीत नव्हती. पैसे न देता-घेता एकमेकांच्या रानात राबायचं, ज्याला जे जमतं ते त्याने करायचं. बांधावर बसून मी पिठलं-भाकरी खाल्ली आणि एकदम लक्षात आलं की कारखान्यातही हेच चाललं आहे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुरून पाहिलं. फिटर स्वतःच्या आणि दादांच्या, दोघांच्याही टाक्यांचे बर्नर आवळत होता. दादा दोघांचे वायसर निवडून देत होते आणि दोघांच्या टाक्या हौदात बुडवून बघत होते. सुईच्या टोकाएवढा बुडबुडा त्यांना दिसायचा. त्यांनी निवडलेल्या वायसरची टाकी क्वचितच गळायची. मुकादम पलीकडे गेला की चालायचं हे, तो आला की दोघे आपापल्या जागी.

पुस्तकात जे लिहिलं होतं ते हेच होतं. काम तोडून दोन तुकडे, ज्या तुकड्याला जो योग्य त्याच्याकडे तो. त्या दोघांनी पुस्तक न वाचता ते करून दाखवलं होतं. मी साहेबांकडे जाऊन एवढंच म्हणायला हवं होतं की, सगळं खातं असं जोडीजोडीने बसवा. आकडा आपोआप वाढला असता आणि कोणाचं वाकडं झालं नसतं. ते माझ्या मनात आलंच नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मनात आलं होतं. पण मग त्या सुधारणेचं श्रेय दोन शेतकऱ्यांना जाणार होतं, आणि साहेबांच्या पुस्तकातल्या तक्त्याच्या नमुन्यात 'एक माणूस, एक काम' असाच रकाना होता. दोन माणसांसाठी माझ्या तक्त्यात जागा नव्हती.

महिना संपायला चार दिवस होते. दुपारच्या सुट्टीत मी फिटरला गाठलं.

"माझं एक काम अडलंय," मी म्हणालो. "मला नीट मोजायला शिकायचंय. सगळे मुद्दाम हळू करतात, मग मी शिकणार कसं? तू एक तासभर खरा हात चालव."

"आन् त्योच आकडा समद्यांच्या रेटला लावला म्हंजी?"

"नाही लावणार. माझ्या शिकण्यापुरतं."

त्याने जेवणाचा डबा झाकला. मग दादांना हाक मारली. "दादा, रावांचं काम अडलंय. आज सावड त्यांची."

दादा हात पुसत आले. "घरी जेवलेला माणूस हाय. करू की."

"आमची पाळी आली म्हंजी तुमी या राव," फिटर हसत म्हणाला. "ज्वारी उपटायला न्हाई बोलवत, हात फाटत्याल तुमचे."

मग सुट्टी संपल्यावर, मुकादम दुसऱ्या खात्यात असताना, त्या दोघांनी जे काम केलं तसं मी पुढच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही. दादा वायसर निवडून त्याच्या तळहातावर ठेवत, तो न बघता बसवी, पाना दोनदा फिरे, टाकी दादांकडे, हौदात, वर, पुसून बाजूला. पलीकडच्या जागांवरची माणसं हात थांबवून बघत राहिली; त्यांना दिसत होता तो उभा फिटर, हौदाआड वाकलेले दादा नव्हेत. मी शंभर भागांच्या तबकडीवर काटा सोडत आणि धरत होतो. तासभराने दादा घामाने भिजले होते. फिटर म्हणाला, "झालं का राव शिकून?"

खोलीवर जाऊन मी हिशेब मांडला. पाळीला नव्वदच्या वर टाक्या येत होत्या. एवढा आकडा कोणी खरा मानला नसता. मलाही त्याची भीती वाटली. म्हणून मी तो उतरवून चौसष्ट केला, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला तो माझा चांगुलपणा वाटला. थकव्याच्या रकान्यात सगळ्यांत लहान आकडा भरला. जागेचा नकाशा काढायचा असतो, त्यात हौद काढला, वायसरचा डबा काढला, एक माणूस काढला. दादांना काढलं नाही.

साहेबांनी तक्ता बराच वेळ पाहिला. ते हुशार गृहस्थ होते.

"एवढा वेग? इथे माणूस एकच होता ना?"

"होय साहेब. एकच."

माझ्या आयुष्यात मी लहानमोठं पुष्कळ खोटं बोललो असेन. हे तीन शब्द मात्र रोज आठवतात.

फलकावर नोटीस लागली. तिच्यात लिहिलं होतं की, नवीन आकडा याच खात्यातल्या एका कामगाराच्या प्रत्यक्ष कामावरून सिद्ध झाला आहे. कोणाच्या, ते विचारायची गरज नव्हती, फिटरला हात चालवताना सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच आठवड्यात जागा एकमेकींपासून लांब केल्या. बोलायला बंदी झाली. प्रत्येकाच्या टाक्यांवर त्याचा नंबर खडूने घालायचा हुकूम निघाला.

फिटर माझ्या टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही.

"राव, ह्ये चौसष्ट कुठनं आणलं?"

मी कागद चाळत राहिलो.

"चौसष्ट मला बी हुत न्हाईत, त्ये जाऊ द्या. वायसर निवडायला दादा न्हाईत तर माज्याबी टाक्या गळत्यात. पर दादाचं काय? त्यांच्यानं पाना धरवंना. तुमी साहेबाला येवढंच सांगा, दोन माणसं हुती. बास."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो न्हाई. सांगा. एवढं काम माजं तुमच्याकडं."

मी सांगितलं नाही. सांगायचं तर एकच माणूस होता हे खोटं होतं असं कबूल करावं लागणार होतं. टाइम स्टडीच्या ऑफिसची खोली रंगवून तयार होती. दारावर पाटी लागायची होती. मला एक स्थळ सांगून आलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी हुद्दा विचारला होता. ही कारणं मी लिहितो आहे कारण ती खरी आहेत. त्यांनी काही हलकं होत नाही.

चौसष्ट कोणालाच झेपत नव्हत्या. तेव्हा साहेबांनी ठरवलं की जो सर्वांत मागे आहे त्याला आधी कमी करायचं, म्हणजे बाकीचे जोर धरतील. सर्वांत मागे दादाच असणार होते. त्यांच्या एकोणीस-वीसच्या वर जात नव्हत्या. तीन आठवड्यांनी त्यांना काढल्याचं पत्र आलं, ते टाइप करायचं काम माझ्याकडेच दिलं होतं. 'कामास अपात्र' असे शब्द होते. दादांनी ते वाचता येत नसल्याने माझ्याकडूनच वाचून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं." मग दाराशी थांबून म्हणाले, "तुमचं शिकून झालं न्हवं चांगलं?" त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं की खरंच विचारलं, ते मला आजही ठरवता येत नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पाच-सहा महिन्यांनी गळक्या टाक्या इतक्या वाढल्या की आकडा गुपचूप बावन्नवर आणला. तोपर्यंत मी ऑफिसात बसत होतो. दादांना कोणी परत बोलावलं नाही.

फिटरचं पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पाण्याच्या नळाशी तो आला की माणसं बाजूला होत. "वाट द्या रे, शर्यतीचा बैल आला. साहेब अजून आरोळी देतोय." तो सांगे की आम्ही दोघं होतो, रावांनी शिकायला म्हणून करवून घेतलं. त्यावर मुकादमाने एकदा सगळ्यांसमोर माझा तक्ता आणून वाचून दाखवला. त्यात माणूस एक. शिक्का होता, सही होती. कागदापुढे त्याचं कोण ऐकणार? मी तेव्हा दहा पावलांवर होतो, काचेच्या मागे.

त्यात दादांच्या मुलांनीही ते खरं धरलं. आपल्या बापाची बोटं माहीत असून याने साहेबासाठी हात चालवला, अशी त्यांची समजूत झाली. दादा काही बोलले असतील तरी कोणी ऐकलं नाही, आणि दोन वर्षांत ते वारले. बांधाला बांध असलेल्या त्या दोन घरांची सावड मोडली. आधी त्या घराने सोडली, मग गावातल्या इतरांनीही. पुढच्या काढणीच्या सुमारास मी आळंदीच्या रस्त्याने सायकलीवर जात होतो. त्याच्या रानात तो आणि त्याची बायको, दोघंच ज्वारी उपटताना दिसली. मी सायकलवरून उतरलो नाही. वेग वाढवला. 'आमची पाळी आली म्हणजे या' असं तो मला म्हणाला होता, हे मला त्या क्षणी पूर्ण आठवत होतं.

मी पुढे मोठा झालो. कारखाने वाढले, पिंपरीचे भोसरीत गेले, भोसरीचे चाकणला. ठिकठिकाणी मला सुपरवायझरांना शिकवायला बोलावत. मी फळ्यावर कामाच्या विभागणीचे तक्ते काढत असे आणि शेवटी सांगत असे की सिद्धांत जुना असला तरी निरुपयोगी नाही. तसं मी अजूनही मानतो. परवा माझा नातू महाळुंग्याच्या कंपनीतून आला तेव्हा सांगत होता की त्यांच्याकडे यंत्रच माणसाचे सेकंद मोजतं. मी त्याला विचारलं, "त्या यंत्रात दोन माणसांची जागा आहे का?" त्याला प्रश्न कळला नाही. दोष त्याचा नाही. माझ्या शिकवण्यात मी सावडीची गोष्ट कधी सांगितली असेल तर ती 'कामगार मुकादमाला कसा फसवतो' याचं उदाहरण म्हणून. वर्ग हसायचा. मी हसू देत असे.

बायको गेली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि मग एक दिवस मुलाला न सांगता रिक्षा करून मोशीला गेलो. शेतं नाहीत आता. फिटरच्या रानावर सात की आठ मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत तळमजल्यावर त्याचा मुलगा राहतो. तोही सत्तरीचा. मी कोण ते सांगितलं. त्याने खुर्ची दिली, पंखा लावला. मी सगळं सांगितलं.

शेवटी तो म्हणाला, "बा मरताना बी म्हणत हुता, दोघं हुतो आमी. आमाला वाटायचं, म्हातारा बरळतोय."

मी दादांच्या घरच्यांची चौकशी केली.

"दादांच्या घरात न् आमच्यात अजून पत्रिका जात न्हाई लग्नाची. शेजारच्याच बिल्डिंगीत राहत्यात. नातवंडं एका शाळंत हायती. त्यांना म्या सांगून काय व्हनार? आमचं कोन ऐकतंय? कागदावर लिवलं हुतं, तर कागदावरच लिवून द्या."

मी तिथेच बसून त्याच्या नातवाच्या वहीतल्या दोन पानांवर लिहून दिलं. अक्षर आता चांगलं राहिलेलं नाही. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं तुमी लिवलंय, माझ्याकडून चूक झाली."

"हो."

"चूक न्हवती ती. तुमाला ठावं हुतं. खोटं लिवलं, असं लिवा."

मी 'चूक झाली' खोडलं आणि वर 'मी खोटं लिहिलं' असं लिहिलं. खाली सही केली. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. मीही काठी घेऊन उठलो.

"तुमी नका येऊ," तो म्हणाला. "त्यांच्या दारात तुमाला बघून आनखी काय तरी व्हायचं. आमचं आमी बघतो."

तो शेजारच्या इमारतीकडे चालत गेला. मी रिक्षा मिळेपर्यंत फाटकापाशी उभा होतो. रिक्षा आली तेव्हाही तो त्यांच्या घरातून परत आला नव्हता.